व्हय व्हय

गुरुसिद्धप्पा मालक सकाळी शेडमध्ये शिरले की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग पोट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नुसत्या बाभळी आणि चार पत्र्याच्या शेड होत्या तेव्हापासून हा माणूस तिथं टॉवेल आणि चादरी विणवत होता, आणि तेव्हापासून शिव्या देत होता. मराठीत सुरुवात करायची, राग चढला की कानडीत शिरायचं, आणि अगदीच आवरेनासं झालं तर तेलुगू विणकरांकडून शिकलेल्या एकदोन ठेवणीतल्या बाहेर काढायच्या. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून चढवून गळा असा झाला होता की घरी बायकोकडं पाणी मागितलं तरी शेजारी दचकायचे.

मालक ओरडतो म्हणून जॉबर ओरडायचा. जॉबर ओरडतो म्हणून विणकर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांवर ओरडायचे, बायका गेटवरच्या वॉचमनवर, आणि वॉचमनच्या खाली कुणी नव्हतं म्हणून तो कुत्र्यावर. त्या कुत्र्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पण एक होतं. त्या गोंधळात कुणीही कुणालाही तोंडावर 'न्हाय' म्हणू शकायचा.

"धोंड्या, चादरी शनिवारपर्यंत पायजेत!"

"न्हाय व्हायच्या, मालक!"

"का न्हाय व्हायच्या रे, गाढवा?"

"सूत वलं हाय, सारखं तुटतंय! तुमच्या त्या व्यापाऱ्याला इचारा, नदीत बुडवून आणलं का म्हणून!"

मग मालक व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून जायचे. दुसऱ्या दिवशी कोरडं सूत यायचं आणि चादरी व्हायच्या.

हा धोंड्या म्हणजे धोंडीराम, शेडचा जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला तर त्याला दुरुस्त करणारा आणि विणकर बिघडला तर त्यालाही दुरुस्त करणारा. सांगोल्याकडच्या कोरड्या रानातून पोटासाठी सोलापुरात आलेला हा गडी, 'न्हाय' म्हणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता मालकांचे उगाच गोडवे गायला नकोत. एकदा त्यांनी रागाच्या भरात मागावरचा लाकडी धोटा फेकून मारला होता, त्याची खूण धोंडीरामच्या कपाळावर कायमची बसली होती. पण त्याच दुपारी मालकांनी स्वतःच्या डब्यातली शेंगापोळी त्याच्यापुढं ढकलली होती, आणि खाता खाता परत शिव्या दिल्या होत्या.

पुढं मालकांचा रक्तदाब चढायला लागला. डॉक्टर म्हणाले, "ओरडणं बंद करा, नाहीतर तुम्हीच बंद व्हाल." मालक घरी बसले आणि त्यांचा पोरगा चन्नवीर कारखान्यात आला. बी.कॉम. झालेला, मुंबईला जाऊन मॅनेजमेंटचा कसलासा कोर्स करून आलेला, बेलबॉटम घातलेला आणि अंगाला सेंट मारलेला.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळे माग बंद करायला लावले आणि सगळ्यांना गोल उभं केलं.

"मला मालक म्हणू नका," तो हसत म्हणाला. "साहेबसुद्धा म्हणू नका. मी सी.जी. आजपासून आपण सगळे एक कुटुंब आहोत."

लोकांनी ते ऐकलं, आपापसात विचार केला, आणि त्या दिवसापासून त्याला 'शीजीसाहेब' म्हणायला लागले.

कुटुंब म्हटल्यावर कांड्या भरणाऱ्या रत्नम्माला धीर आला. रत्नम्मा जिभेची तिखट, आणि वयानं एवढी मोठी की जुन्या मालकांनाही अरेतुरे करायची. ती म्हणाली, "शीजीसाहेब, बायकांच्या संडासाला दार न्हाय. तेवढं बघा की."

"रत्नम्मा, हा झाला प्रॉब्लेम," शीजीसाहेब म्हणाला. "मला प्रॉब्लेम नको. मला सोल्युशन सांगा."

"सोल्युशन म्हंजी?"

"म्हणजे उपाय."

"दार," रत्नम्मा म्हणाली.

सगळी शेड हसली. शीजीसाहेबही हसला. दार काही बसलं नाही, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की ह्या कारखान्यातली सगळी पीडा 'नाही' ह्या एका शब्दात आहे. तो शब्द उपटून टाकला की कारखाना सोन्याचा.

अहो, दिवसही तसेच होते. आणीबाणी चालू होती आणि साऱ्या देशाला भिंतींवर पाट्या लावायची साथ आली होती. स्टेशनावर पाटी, कचेरीत पाटी, एसटीत पाटी. शीजीसाहेबानंही एक छान रंगवून आणली आणि शेडच्या दारावर ठोकली: 'येथे नाही म्हणू नये.'

धोंडीराम जुन्या सवयीनं बोलून गेला, "पण शीजीसाहेब, पाटीवरच दोनदा न्हाय म्हटलंय की."

शीजीसाहेबानं हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो कधी रागवायचा नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त हसायचा, खांद्यावर हात ठेवायचा, आणि ज्याच्या खांद्यावर तो हात पडला तो माणूस महिना संपायच्या आत दुसरीकडं काम हुडकत फिरायचा. असे दोघंतिघं गेल्यावर त्या हाताचा अर्थ शेडला कळला. बापाचा धोटा परवडला, तो दिसायचा तरी, आणि चुकवता यायचा. धोंडीराम तेवढा वाचला, माग दुरुस्त करणारा दुसरा कुणी नव्हता म्हणून; पण तेव्हापासून तो खांदे आवळून चालायला लागला आणि त्यानं आपल्या जिभेवरचा 'न्हाय' गिळून टाकला.

बाकीचेही काही खुळे नव्हते. पाटीवर मराठी शब्द होता ना? मग तेलुगू विणकर 'लेदू' म्हणायला लागले. अक्कलकोटकडनं सायकलीवर येणारे 'इल्ला' म्हणायला लागले. रंगखात्यातला मेहबूबभाई तर प्रत्येक गोष्टीला मान हलवून 'नक्को' म्हणायचा आणि वर विचारायचा, "मैं नाही बोला क्या?" शीजीसाहेबाच्या घरात कानडी, त्यामुळं आठवडाभरात ही चलाखी त्याच्या ध्यानात आली. रंगारी परत बोलावला. पाटीवर लेदू, इल्ला आणि नक्को हे तीन शब्द चढले आणि त्यांच्यावर लाल फुल्या पडल्या.

आता सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द उरला: 'व्हय'.

पण माणसाला नाही म्हटल्याशिवाय जगता येतं होय? वाट काढली ती रत्नम्मानं. एका संध्याकाळी तिला शीजीसाहेबानं विचारलं, "रत्नम्मा, आज जास्तीचं थांबणार ना?" ती म्हणाली, "व्हय व्हय," आणि पिशवी काखोटीला मारून सरळ घरी गेली. बस्स! शेडला व्याकरण मिळालं. एकदा 'व्हय' म्हणजे होय. लांबवून 'व्हऽऽय' म्हणजे बघू, जमलं तर. आणि लागोपाठ दोनदा 'व्हय व्हय' म्हणजे ह्या जन्मी तरी शक्य नाही. महिन्याभरात सगळी शेड ते बोलायला लागली. एकजण विचारायचा, "बिडी हाय का?" दुसरा म्हणायचा, "व्हय व्हय," आणि पहिला मुकाट्यानं तिसऱ्याकडं जायचा. ही भाषा न कळणारा माणूस साऱ्या कारखान्यात एकच होता, आणि तो काचेच्या केबिनमध्ये बसून म्हणायचा, "बघा, वातावरण कसं बदललं!"

ह्या गमती धोंडीराम घरी जेवताना सांगायचा. साखर पेठेत त्याची दोन खोल्यांची जागा, घरात बायको सोनाबाई आणि एकुलती एक पोरगी शालन. मायलेकी हसून हसून बेजार व्हायच्या. शालन डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती, तिला मास्तरीण व्हायचं होतं. कॉलेजातून आली की गल्लीतली पोरं ओट्यावर गोळा करायची आणि खडूनं फरशीवर अक्षरं काढून शिकवायची. धोंडीरामला त्याचा असा अभिमान होता की शेडमध्ये कुणी विचारो न विचारो, तो सांगायचा, "आमची शालन बाई होनार."

त्यातच सोनाबाईच्या भावानं श्रीपूरचं स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून, घरचा ऊस, दारात बैलगाड्या. मुलाचा बाप तात्याबा, माणूस भला. पण भावानं तिकडं दडपून सांगितलं होतं, की आमचे दाजी मोठ्या कारखान्याचे मॅनेजर आहेत. मुलाकडनं निरोप आला: मॅनेजरची पोरगी म्हटल्यावर आम्ही आणखी काही बघत नाही. एवढंच, की लग्न झाल्यावर ते कॉलेज बंद. शिकलेली सून चालंल, शिकवणारी नगं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात शीजीसाहेबानं जाहीर केलं, की शेडमधूनच एकाला मॅनेजर करणार. त्याला वेगळी केबिन, फिरती खुर्ची आणि पंखा. "जो सगळ्यांत पॉझिटिव्ह असेल त्याला," तो म्हणाला आणि धोंडीरामकडं बघून हसला.

झालं! धोंडीरामच्या डोक्यात खुर्ची फिरायला लागली. खुर्ची मिळाली तर मेव्हण्याची थाप खरी ठरणार, श्रीपूरचं स्थळ पक्कं होणार, आणि गावाकडं ज्यांनी त्याला माग दुरुस्त करणारा म्हणून हिणवलं त्यांची तोंडं बंद होणार. शालनचं कॉलेज? बघू, तिची समजूत काढता येईल.

"आप्पा, मला न्हाय करायचं हे लगीन," शालन म्हणाली. "माझं कॉलेज पुरं होऊ द्या. मला शिकवायचं हाय."

"ए!" धोंडीराम ताटावरनं ओरडला. "आजपासनं ह्या घरात तो शब्द न्हाय म्हणायचा!"

"मग आत्ता तुमी काय म्हणला वो?" सोनाबाईनं चुलीपासनं विचारलं. तिलाही स्थळ हवंच होतं, पण नवऱ्याला चिमटा काढायची संधी ती सोडायची नाही.

चार दिवसांनी त्यानं शालनला परत विचारलं. "पोराचा फोटू बघितला का?"

"व्हय."

"पसंत हाय न्हवं?"

शालननं बापाकडं सरळ बघितलं. "व्हय व्हय, आप्पा," ती म्हणाली.

धोंडीरामचा घास तोंडातच राहिला. पोरगी काय बोलली ते त्याला लख्ख कळलं होतं. कळणार नाही कसं? त्यानंच तर हसत हसत शिकवलं होतं. पण माणूस मोठा चमत्कारिक असतो बघा, त्यानं घास गिळला, पाणी प्यायला, आणि बायकोला म्हणाला, "झालं तर मग. पोरगी तयार हाय."

सोनाबाईनं तव्यावरची भाकरी उलथली.

तेवढ्यात टॉवेलांचं काम आलं. श्रीपूरकडच्याच एका साखर कारखान्याचं. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता आणि चेअरमनसाहेबांना प्रत्येक सभासदाला एक टॉवेल द्यायचा होता. टॉवेल लांबरुंद, झोकदार. एका काठाला 'शेतकरी' आणि दुसऱ्या काठाला 'राजा' असं विणलेलं. शीजीसाहेबानं काम घेऊन टाकलं आणि मग शेडला गोल उभं केलं.

"दसऱ्याच्या आत सगळा माल तयार होईल ना?"

आता शेडमधल्या प्रत्येकाला दिसत होतं, की सगळे माग दिवसरात्र चालवले, विणकरांनी जेवण मागावरच केलं, तरी निम्मा माल होईल. त्याच्यावर एक टॉवेल नाही. सगळी शेड एका आवाजात गरजली, "व्हय व्हय!"

शीजीसाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! तो केबिनमध्ये गेला आणि त्यानं धोंडीरामला आत बोलावलं.

"धोंडीराम, ऐकलंस ना? मी एकदा विचारलं आणि ते दोनदा होय म्हणाले. बाबांच्या काळात असं कधी झालं होतं?"

"न्ह..." धोंडीरामच्या तोंडाशी आलं. त्यानं जीभ चावली.

"तुला काय वाटतं? होईल ना?"

आता ह्या घटकेला खरं सांगता आलं असतं. निम्मा माल दसऱ्याला घ्या, निम्मा दिवाळीला घ्या, असं त्या चेअरमनला कळवता आलं असतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. धोंडीरामनं बघितलं: शीजीसाहेबाचा हात टेबलावरनं उचलला गेला होता आणि खांद्याच्या दिशेनं येत होता.

"व्हय," धोंडीराम म्हणाला. एकदाच, स्वच्छ, शहाण्यासारखा.

"शाबास! हा माल गेला की ती खुर्ची तुझी."

दसरा तोंडावर आला तेव्हा गोदामात बरोबर निम्मे टॉवेल होते. साखर कारखान्याचे ट्रॅक्टर गेटवर येऊन उभे राहिले. शीजीसाहेबाला आकडा कळला तेव्हा तो पांढरा पडला. पण कोर्स केलेला माणूस तो, डगमगणार थोडाच! तो गोदामात येरझाऱ्या घालायला लागला. "प्रॉब्लेम नाही, सोल्युशन," असं पुटपुटत होता. पाटीवरचा शब्द त्याच्याच तोंडून गेला, पण त्याला कोण सांगणार? मग तो एकदम थांबला आणि त्यानं चुटकी वाजवली.

"मधोमध कापा!"

"आं?" धोंडीराम म्हणाला.

"प्रत्येक टॉवेल मधोमध कापा. एकाचे दोन होतील. सगळ्यांना पुरतील. होईल ना?"

विणकर माणसाला नवाकोरा टॉवेल कापायला सांगणं म्हणजे काय, हे ज्यानं मागावर दिवस काढलेत त्यालाच विचारा. विणकर हात बांधून उभे राहिले. रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. हसत होती का रडत होती कळेना. कुणीच पुढं येईना, तेव्हा धोंडीरामनं कात्री उचलली. पहिला टॉवेल त्यानं स्वतः कापला. कापता कापता तोंडानं तो "व्हय शीजीसाहेब, व्हय शीजीसाहेब" म्हणत होता.

एका हातात 'शेतकरी' राहिला आणि दुसऱ्या हातात 'राजा'.

ही बातमी घरी बसलेल्या गुरुसिद्धप्पांना कुणीतरी सांगितली. ते रिक्षा करून आले. कापलेल्या टॉवेलांचे ढीग बघून म्हातारा लालबुंद झाला, तोंड उघडलं, डॉक्टरची आठवण झाली, तोंड मिटलं, आणि शेवटी हळू आवाजात धोंडीरामला म्हणाला, "अरे, तुमच्यातल्या एकानं तरी न्हाय म्हणायचं होतं की रे. तुला तर येत होतं."

"व्हय मालक," धोंडीराम म्हणाला.

म्हातारा वळला आणि रिक्षात बसून घरी गेला. शिवी एकही दिली नाही. धोंडीरामला ते धोट्यापेक्षा जास्त लागलं.

तुम्हाला वाटेल, आता चेअरमन खवळले असतील, माल परत आला असेल, शीजीसाहेबाची जिरली असेल. कसलं काय! चेअरमनसाहेबांच्या भोवतीही 'व्हय'वालेच होते. कार्यक्रमात त्यांनी अर्धा टॉवेल उघडून बघितला, जरा घुटमळले, शेजारच्या संचालकाला विचारलं, "असाच ठरला होता का?" संचालक म्हणाला, "व्हय साहेब, सुटसुटीत." मग साहेबांनी भाषणात सांगितलं, की हा टॉवेल मुद्दाम सुटसुटीत केला आहे. टाळ्या पडल्या. वाटताना कुणी काही ठरवलं नव्हतं, पण संचालक, सरपंच आणि त्यांच्या पाव्हण्यारावळ्यांना 'राजा' मिळालं आणि बाकी सगळ्यांना 'शेतकरी'. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यानं आंग कसं पुसायचं?" त्याला सांगितलं, निम्मं निम्मं पूस.

चेअरमनसाहेबांनी पुढच्या वर्षाचंही काम दिलं. शीजीसाहेबानं शेडमध्ये पेढे वाटले आणि धोंडीरामला हाताला धरून फिरत्या खुर्चीत बसवलं. वर पंखा लागला. दारावर पाटी लागली: 'मॅनेजर'. रत्नम्मा पेढा तोंडात टाकून म्हणाली, "आता बायकांच्या संडासाचं दार बसवशील न्हवं, धोंडीराम?"

"व्हय व्हय," मॅनेजर म्हणाला. रत्नम्मानं दुसरा पेढा उचलला आणि कांड्या भरायला गेली.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी श्रीपूरची मंडळी सुपारी फोडायला आली. सोनाबाईनं नवी पेठेतून शालनसाठी जरीकाठी साडी आणली होती. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, आणि तिच्यावर सगळ्यांच्या वर मानानं, भिंतीला टेकून, शीजीसाहेब बसला होता. मॅनेजरच्या घरचं कार्य, मालक यायलाच हवा! त्याची गाडी गल्लीत मावली नव्हती म्हणून गल्लीतली सगळी पोरं गाडीभोवती होती.

तात्याबा साधा माणूस. खांद्यावर तोच अर्धा टॉवेल. "माझ्या वाट्याला शेतकरीच आला," तो हसत म्हणाला. "माझ्या मेव्हण्याला राजा मिळालाय, तवापासनं बोलायला तयार न्हाय." शीजीसाहेब मोठ्यानं हसला. धोंडीरामही हसला, शीजीसाहेबाच्या मागनं, जरा उशिरा.

शालन आली, पाया पडली, खाली बसली. तात्याबानं तिच्याकडं निरखून बघितलं. पोरीच्या तोंडावर रया नव्हती. डोळे सुजलेले.

"पोरी," तो मायेनं म्हणाला, "तुझ्या मनात हाय न्हवं हे? हितं कुणाला भिऊ नगंस. मोकळं बोल."

शालननं मान वर केली. तिनं तात्याबाकडं बघितलं नाही, नवऱ्या मुलाकडं बघितलं नाही. बापाच्या डोळ्यांत डोळे घालून एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "व्हय. व्हय."

आतल्या दारात सोनाबाईनं एकदम कपबशा वाजवल्या. "च्या टाकते," असं म्हणत ती वळली.

"वा!" शीजीसाहेब म्हणाला. "दोनदा म्हणाली! धोंडीराम, मुलगीसुद्धा पॉझिटिव्ह बनवलीस की!"

बाकीची मंडळी खुश झाली. नवऱ्या मुलानं मिशीवरनं बोट फिरवलं. पण तात्याबाचं समाधान होईना. गुरंढोरं सांभाळणारा माणूस तो, मुक्या जीवाचं दुखणं त्याला कळायचं. तो पुढं सरकला आणि धोंडीरामच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "पावणं, तुमी बाप हाय. तुमी सांगा. पोर मनापासनं बोलतीया न्हवं? तसं नसंल तर आत्ताच सांगा. आमी च्या पिऊन जातो. राग न्हाय, लोभ न्हाय. पोरीला शिकायचं असंल तर शिकू द्या, दुसरी बघू आमी."

अरे, ह्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे होतं माणसाला! दार सताड उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता, लहानपणापासून येत असलेला, सांगोल्याच्या रानात बापाला, शाळेत मास्तरला, शेडमध्ये मालकांना हजारदा तोंडावर म्हटलेला. शालन बापाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आशा होती, आणि ती बघवत नव्हती.

धोंडीरामनं तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात शेजारून शीजीसाहेबानं कौतुकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"व्हय व्हय!" धोंडीराम म्हणाला.

जीव तोडून म्हणाला. त्याच्या आयुष्यात तो कशालाही एवढ्या कळवळ्यानं 'नाही' म्हणाला नव्हता. आवाज फाटला. शेडमध्ये कुणालाही कळलं असतं, की हा माणूस हे लग्न होऊ देणार नाही.

तात्याबानं सुटकेचा श्वास टाकला. "झालं मग," तो म्हणाला. "बापच एवढा ठाम हाय म्हटल्यावर आणखी काय पायजे?" आणि त्यानं सुपारी फोडायला घेतली. शीजीसाहेबानं टाळ्या वाजवल्या, तशा सगळ्यांनी वाजवल्या.

बाप आपल्यासाठी नाही म्हणाला, हे त्या खोलीत फक्त शालनला कळलं. तिनं मान खाली घातली. सोनाबाई आतून साखरेची वाटी घेऊन आली, एक चिमूट पोरीच्या तोंडापुढं धरली, आणि शालननं तोंड उघडलं.